मदत हवी आहे : गंजिफांवरची बुरशी कशी काढावी?

घर सावंतवाडीकडचं. सासूबाईंनी रंगवलेला दशावतारी गंजिफांचा, म्हणजे खेळायच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा, जोड पाऊस सरल्यावर काढला, तर बऱ्याच पानांवर पांढरी बुरशी. १० अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे १२० गोल पानं, वर लाखेचा लेप. ओलं फडकं चालेल का? ऑक्टोबरचं ऊन कडक, लाख मऊ पडेल म्हणून अंगणात मांडायचा धीर होत नाही. सध्या पडवीत सुपात पसरलीत.

त्याच कपाटातल्या पुस्तकांना कसर लागलीय. तिथे वेखंड ठेवलंय. (डांबरगोळ्या सुचवू नका, वाचताना डोकं उठतं.)

लेकीला गंजिफांतला मत्स्यावतार गिरवायचाय, झेंडूच्या वाफ्यात खुरपायचं सोडून तिथेच बसते. पण बुरशी असताना हात लावू द्यावा का? लाखकाम जाणणारं कुणी आहे का इथे? आणि पुढच्या पावसाळ्यात जोड लाकडी पेटीत ठेवू की डब्यात?