जर्मनीत एनर्जी मॅनेजमेंटची नोकरी: चाकणचा अनुभव सीव्हीत कसा मांडू?

चाकणवाली

नमस्कार मंडळी. नवऱ्याला श्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपातला नोकरी-परवाना). मुलीची सहामाही झाली की आम्ही दोघी जाऊ. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिथे कामाची पूर्ण मोकळीक असते, त्यामुळे व्हिसाची चिंता नाही. चिंता माझ्या सीव्हीची आहे.

मी मेकॅनिकल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात युटिलिटी सांभाळते. कॉम्प्रेसर, चिलर, बॉयलर, कूलिंग टॉवर, ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण), सगळं. बीईईची, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, एनर्जी मॅनेजरची परीक्षा पास आहे. आयएसओ ५०००१ (ऊर्जा व्यवस्थापनाचं मानक) आमच्याकडे आलं तेव्हा त्याचं बरंचसं कागदकाम माझ्याच गळ्यात होतं.

लिंक्डइनवर बघावं तिथे 'ग्रीन स्किल्स' चाललंय. मी सीव्हीच्या माथ्यावर 'पर्यावरणाची तळमळ असलेली सस्टेनेबिलिटी प्रोफेशनल' असं टाकलं, आणि मला स्वतःलाच ते वाचून कसंतरी झालं. एक ऑनलाइन सस्टेनेबिलिटी लीडरशिप सर्टिफिकेट सत्तर हजारांना मिळतंय. घ्यावं का? जर्मन भाषेची ए२ पातळी झालीय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हेलब्रॉनकर

सत्तर हजार वाचवा आणि त्यातले थोडे पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या पुढच्या बी१ पातळीसाठी भरा. कारखान्यातल्या कामाला सर्टिफिकेटपेक्षा भाषा दहापट उपयोगी पडते. ऑफिसातले लोक इंग्रजी बोलतील, पण कॉम्प्रेसर रूमची किल्ली ज्या माइस्टरकडे (कारखान्यातल्या मुख्य कारागिराकडे) असते तो बोलेलच असं नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही ज्याला युटिलिटी म्हणताय त्यालाच इथे सध्या मागणी आहे, आणि त्यामागे कायदा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीचा ऊर्जा कार्यक्षमता कायदा लागू झाला. ज्या कंपनीचा वर्षाचा सरासरी ऊर्जावापर ७.५ गिगावॉट-तासांच्या वर आहे तिला आयएसओ ५०००१ किंवा एमास (युरोपची पर्यावरण व्यवस्थापन पद्धत) बसवणं त्याने बंधनकारक केलं, मुदत जुलै २०२५ ची. हे वीज, गॅस, डिझेल सगळं धरून आहे, त्यामुळे मध्यम आकाराची फाउंड्रीसुद्धा त्यात सहज येते. आयएसओ ५०००१ चं कागदकाम गळ्यात पडलं असं तुम्ही कुरकुरत सांगताय, मी तुमच्या जागी असतो तर सीव्हीतली पहिली ओळ तीच केली असती.

'तळमळ' काढा. त्याजागी काय मोजलं, काय बदललं, किती वाचलं. तुम्ही प्रत्यक्ष केलेलं एखादं काम इथे लिहा बघू, आपण मिळून त्याची ओळ करू.

आडवंतिडवं

तळमळ काढा याला अनुमोदन. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये नियम केलाय की पुराव्याशिवाय 'पर्यावरणस्नेही' वगैरे मोघम दावे ग्राहकांपुढे करायचे नाहीत. २७ सप्टेंबर २०२६ पासून तो लागू. शाम्पूच्या बाटलीला जे चालत नाही ते उमेदवाराला कसं चालेल?

चाकणवाली

@हेलब्रॉनकर, मनापासून आभार. एक काम सांगते.

आमच्याकडे दोन ११० किलोवॉटचे स्क्रू कॉम्प्रेसर. साप्ताहिक सुटीला प्लांट पूर्ण बंद असताना हवेची गळती मोजली. कोणीही हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर जातो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोडवर राहतो (नुसता फिरतो), ते घड्याळ लावून लिहून घ्यायचं. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज. सरासरी दीड मिनिट लोड, ३.९ मिनिटं अनलोड, म्हणजे जवळपास २८ टक्के हवा नुसती भोकांतून जात होती. मग अल्ट्रासॉनिक डिटेक्टर भाड्याने आणून लाइनवर लाइन तपासली. फुटकी होजपाइप, सैल कपलिंग, बंद मशिनवर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, बहुतेक सगळं असलंच. गळती १२ टक्क्यांवर आणली. हेडरचं (हवेच्या मुख्य पाइपचं) प्रेशर ७.२ बारवरून ६.५ वर. वर्षाला सुमारे १,६०,००० युनिट वाचले.

माझ्या सीव्हीत हे एवढंच आहे: 'कॉम्प्रेस्ड एअर सिस्टिममध्ये ऊर्जाबचत प्रकल्प राबवले.' :(

हेलब्रॉनकर

अहो, एवढं सोनं आणि ते एका ओळीत पुरलंत!

असं लिहा: '२ × ११० किलोवॉट स्क्रू कॉम्प्रेसर, लोड-अनलोड पद्धतीने गळती मोजली, २८ टक्क्यांवरून १२ टक्के, दाब ०.७ बारने कमी. वर्षाला १६० मेगावॉट-तास बचत.' युनिट, लाख हे शब्द नकोत, इथे कळत नाहीत. क्रियापदं तुमची हवीत: मोजलं, शोधलं, बदललं, पडताळलं. 'टीमने केलं' लिहिलंत की मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, मग तुम्ही काय केलंत? आपल्याकडे 'मी' म्हणायला लाज वाटते, ती जरा बाजूला ठेवा.

आणखी एक. आपल्याकडे व्यवस्थापनाला पटवायला आपण पेबॅक सांगतो, 'आठ महिन्यांत पैसे वसूल'. इथल्या त्या कायद्यात ऊर्जाबचतीच्या उपायांचा हिशेब डीआयएन ईएन १७४६३ या मानकाप्रमाणे करायचा असतो. त्याला बोलीत 'व्हालेरी' म्हणतात. त्यात पेबॅक नाही, उपायाच्या पूर्ण आयुष्यातल्या बचतीचं आजचं निव्वळ मूल्य काढतात. तुमच्या दोन-तीन प्रकल्पांचा हिशेब तसा करून ठेवा. एक्सेलमध्ये एका संध्याकाळचं काम आहे, पण मुलाखतीत हे बोललात की समोरचा सरसावून बसतो.

बीईईची परीक्षा इथे कोणाला माहीत नाही. नुसतं नाव लिहून उपयोग नाही. 'भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा' असं एका ओळीत उलगडा, आणि पेपरांचे विषय द्या.

डेल्फ्टची मावशी

मी नेदरलँड्सची, त्यामुळे जर्मनीबद्दल हेलब्रॉनकरांचं ऐका. पण 'सस्टेनेबिलिटी' नावाच्या नोकऱ्यांबद्दल चार शब्द.

मधली दोन-तीन वर्षं इकडे रिपोर्टिंगवाल्यांची चलती होती. सीएसआरडी नावाचा अहवालांचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये आला आणि कंपन्या माणसं घेत सुटल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने स्वतःच तो आक्रसायचा प्रस्ताव आणला, एप्रिलमध्ये बऱ्याच कंपन्यांची मुदत दोन वर्षं पुढे ढकलली गेली. माझ्या ओळखीतल्या दोघींची पदं त्यानंतर 'पुनर्रचनेत' गेली. म्हणून सांगते, ज्या कौशल्याचा आधार फक्त अहवालाचा कायदा आहे त्यावर संसार उभा करू नका. गळती शोधणाऱ्या बाईला मात्र वीजबिल आहे तोवर काम आहे.

कार्बनचा आकडा देणार असाल तर कुठला गुणक (एवढ्या विजेमागे किती कार्बन डायऑक्साइड) धरला ते लिहाच. भारताच्या ग्रिडसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा गुणक मेगावॉट-तासाला साधारण ०.७ टन आहे. तुमचे १६० मेगावॉट-तास म्हणजे ११० टनांच्या आसपास. जर्मनीचा गुणक याहून बराच कमी आहे, त्यामुळे तीच बचत तिथे कमी टनांची दिसेल. न विचारता तुम्ही हे सांगितलंत तर तुम्हाला विषय कळतो हे आपोआप समजतं.

आणि एस्को वापरा. युरोपियन युनियनचा व्यवसाय-कौशल्यांचा कोश आहे, फुकट, ऑनलाइन. २०२२ मध्ये त्यांनी त्यातल्या ५७१ नोंदींवर 'ग्रीन'चा शिक्का मारला. ती यादी वाचून बघा, ऊर्जा ऑडिट, कचऱ्याची विल्हेवाट, सांडपाणी असलं आपलं नेहमीचंच काम त्यात सापडेल. इंग्रजीत कौशल्य शोधायचं, भाषा बदलून जर्मन करायची, आणि जाहिरातींत येणारा नेमका शब्द उचलायचा.

आडवंतिडवं

युरोपास सीव्हीचं, म्हणजे युरोपियन युनियनच्या ठरलेल्या साच्यातल्या सीव्हीचं काय? सगळे एजंट तेच करायला सांगतात.

डेल्फ्टची मावशी

विद्यापीठं, सरकारी प्रकल्प, इरॅस्मस (युरोपची विद्यार्थी-देवाणघेवाण योजना), तिथे चालतो. खाजगी कंपनीला पाठवू नये हे माझं मत. त्याच निळ्या साच्यात शंभर अर्ज आले की वाचणाऱ्याचे डोळे मिटायला लागतात.

साक्रीचा वारा

मध्ये घुसतोय, माफी असावी. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा कोर्स. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर मेंटेनन्सला आहे, आधी सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याला होतो. धुळ्यातला एक माणूस म्हणतो चार लाख दे, जर्मनीत विंड टेक्निशियन करतो. आम्हा डिप्लोमा-आयटीआयवाल्यांना ग्रीन जॉब मिळतात का, का ते फक्त इंजिनिअरांसाठी?

उत्तरसमुद्र

दादा, आधी त्या माणसाला एक रुपया देऊ नका. परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. नसेल तर विषय संपला. असला तरी त्याच्या फीला सरकारी मर्यादा आहे, आणि चार लाख त्यात बसत नाहीत.

मी ब्रेमरहाफेनला विंडमध्येच आहे. खरं सांगायचं तर ऐंशी मीटर शिडी चढून गिअरबॉक्सचं तेल बदलणाऱ्याचीच इथे वानवा आहे, पीपीटीवाले भरपूर आहेत. तुमचा कागद असा तयार करा:

टर्बाइनचं मॉडेल, क्षमता, हबची उंची, सगळं. 'विंड टर्बाइन मेंटेनन्स' हे पुरेसं नाही. पिच सिस्टिम, यॉ ड्राइव्ह, हायड्रॉलिक, कन्व्हर्टर, यातलं काय एकट्याने करता आणि काय दुसऱ्याच्या हाताखाली, तेही वेगळं लिहा. आपल्याकडे एकाच साइटवर सहा प्रकारच्या जुन्या मशिनी असतात आणि सुटा भाग यायला महिना लागतो, त्यामुळे आपली पोरं दोष शोधण्यात तयार झालेली असतात. ते दाखवणारा एक प्रसंग तयार ठेवा: कुठला अलार्म आला, काय काय तपासलं, शेवटी काय निघालं.

दुसरं, जीडब्ल्यूओ या पवनऊर्जा कंपन्यांच्या संघटनेचं बेसिक सेफ्टी ट्रेनिंग. जगभर चालतं, प्रथमोपचार, उचल-ठेव, आग, उंचीवरचं काम, आणि समुद्रात जायचं असेल तर जलसुरक्षा. पण ते दोन वर्षांनी संपतं. आज घाईने करून दीड वर्षाने मुलाखत मिळाली तर पैसे पाण्यात. भाषा आणि कागदपत्रं मार्गी लागल्यावर करा. कंपनीने आधीच करून घेतलं असेल तर तुमचा विंडा नंबर (या ट्रेनिंगच्या नोंदणीचा क्रमांक) सीव्हीत टाका, तो टाकून कंपनीला खात्री करता येते.

तिसरं, मान्यता. परदेशी आयटीआयसारख्या प्रशिक्षणाची जर्मन अभ्यासक्रमाशी तुलना नुरेंबर्गचं आयएचके फोझा करतं. मार्च २०२४ पासून आणखी एक वाट उघडली आहे: निदान दोन वर्षांचं शासनमान्य प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगाराचं नोकरीपत्र असेल तर मान्यतेशिवायही व्हिसा मिळू शकतो. भाषेची अट त्यात लिहिलेली नाही, पण बी१ शिवाय सुरक्षेच्या कामावर तुम्हाला कोणी वर चढवणार नाही, आणि बरोबरच आहे ते.

अवांतर: पुण्याच्या सुझलॉनने एकेकाळी हॅम्बुर्गची रीपॉवर विकत घेतली होती, २०१५ ला विकून टाकली. इथले काही जुने लोक अजून पुण्याच्या वडापावाची आठवण काढतात. गप्पा सुरू करायला बरं पडतं.

साक्रीचा वारा

लई उपकार. त्या माणसाला उद्याच नाही सांगतो. सरकारतर्फे काही आहे का?

उत्तरसमुद्र

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला आहे. तुमच्या आयटीआयच्या प्राचार्यांकडे किंवा जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात सद्यस्थिती विचारा. पण त्यावर विसंबून भाषा थांबवू नका.

हेलब्रॉनकर

@चाकणवाली, एक महत्त्वाचं राहिलं, आणि हे तिथे असतानाच करायचं आहे. जर्मनीत नोकरी सोडताना मालक सविस्तर प्रमाणपत्र देतो, आरबाइट्सत्सॉइग्निस. कामं कोणती केली, कशी केली, वागणूक कशी, सगळं त्यात असतं. आपल्याकडे मिळतं ते रिलीव्हिंग लेटर म्हणजे 'अमुक ते तमुक तारखेपर्यंत होत्या, पुढील वाटचालीस शुभेच्छा'. त्याने इथे काही होत नाही. तुमच्या प्लांट हेडना गाठा, मसुदा तुम्हीच करून द्या, कामाची यादी आणि वरचे आकडे त्यात घाला आणि लेटरहेडवर सही-शिक्का घ्या. एकदा बाहेर पडलात की फोन उचलत नाहीत.

पदवीसाठी आनाबिन या डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ आणि अभ्यासक्रम शोधून पानाची प्रिंट काढा. आणि स्वतःच्या नावापुढे जर्मनमध्ये 'इंजेनिऑर' लावू नका, ती पदवी कायद्याने राखीव आहे, राज्याच्या इंजिनिअर चेंबरकडून परवानगी घ्यावी लागते. पदाचं नाव म्हणून 'एनर्जी मॅनेजर' बिनधास्त लिहा.

कोर्स करायचाच असेल तर इकडे आल्यावर युरेम बघा. नुरेंबर्गच्या उद्योग-व्यापार मंडळाने सुरू केलेला एनर्जी मॅनेजरचा कोर्स आहे, त्यात स्वतःच्या कंपनीतला एक प्रकल्प करावा लागतो. म्हणजे आधी नोकरी, मग कोर्स, तोही शक्यतो कंपनीच्या पैशाने.

आडवंतिडवं

थोडं थंड पाणी ओततो. श्टुटगार्ट पट्ट्यातले गाड्यांच्या भागांचे कारखाने सध्या माणसं कमी करतायत, वर्तमानपत्रात रोज येतं. चाकणवालीताईंनी त्याच धंद्यात अर्ज टाकत बसू नये. डेअरी, बेकरी, कागद गिरण्या, हॉस्पिटलं, सगळीकडे कॉम्प्रेसर आणि चिलर असतातच.

हेलब्रॉनकर

हे मात्र शंभर टक्के. त्यात श्टाटवेर्कं म्हणजे शहरांच्या वीज-पाणी कंपन्या, आणि कारखान्यांचं ऊर्जा ऑडिट करून देणाऱ्या सल्लागार कंपन्या धरा. ऑडिटवाल्यांना फिरती माणसं लागतात. ड्रायव्हिंग लायसन्सचं बघून ठेवा. भारतीय लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, मग परीक्षा.

चाकणवाली

किती लिहिलंत सगळ्यांनी! सर्टिफिकेटचा टॅब बंद केला, बी१ ची बॅच बघितली. प्लांट हेडना सोमवारी भेटतेय. सीव्हीचा माथा आता असा आहे, सांगा कसा वाटतो:

'कारखान्यातील ऊर्जा व्यवस्थापन: कॉम्प्रेस्ड एअर, चिलर, वाफ. आयएसओ ५०००१ ची उभारणी आणि अंतर्गत ऑडिट. सर्वांत मोठा प्रकल्प: हवेची गळती २८ वरून १२ टक्के, दाब ७.२ वरून ६.५ बार, वर्षाला १६० मेगावॉट-तास बचत, बचतीची पडताळणी वेगळ्या मीटरवर. जर्मन ए२, बी१ सुरू.'

डेल्फ्टची मावशी

छान. हाच माणूस मला भेटायला आवडेल. पडताळणी वेगळ्या मीटरवर, हे फार चांगलं केलंत. चिलर आणि वाफ यांचा एकेक आकडा आत कुठेतरी येऊ द्या, नाहीतर फक्त हवेवाली बाई वाटाल.

हेलब्रॉनकर

बार गेज (बाहेरच्या हवेच्या दाबापासून मोजलेला) की अ‍ॅब्सोल्यूट (शून्यापासून मोजलेला) तेवढं लिहा. जर्मन माणूस विचारणार म्हणजे विचारणार.