मदत हवी आहे: घरी साबण करायला सुरुवातीला नेमकी कोणती भांडी लागतात?

नमस्कार मंडळी,

आमच्या परसात माड आहेत. दरवर्षी खोबरं वाळवून घाण्यावरून तेल काढून आणतो. यंदा घरात वापरूनही सहा-सात किलो उरलंय, म्हणून त्याचा साबण करायचं मनात घेतलंय.

मागच्या रविवारचा पहिला प्रयत्न फसला. कॉस्टिक सोडा कालवायला जर्मनचं जुनं पातेलं घेतलं. सोडा पडताच पाणी फसाफसा उकळल्यासारखं झालं, घशाला झोंबणारी वाफ आली आणि पातेलं आतून काळंठिक्कर पडलं. नंतर वाचलं की सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. लेक तेव्हा स्वयंपाकघरातच होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून आता विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

घरात स्टीलची पातेली आहेत, लाकडी रवी आहे आणि स्प्रिंगचा काटा आहे. त्यावर २० ग्रॅमच्या खुणा आहेत. एवढ्यावर भागेल का? हँड ब्लेंडर घ्यावाच लागतो का? साच्याला काय वापरू? दीड हजारांच्या आत बसवायचंय.

प्रतिसाद:

ताई, आधी काटा बदला, बाकी सगळं नंतर. ५०० ग्रॅम खोबरेलाला, २० टक्के तेल साबण न होता मोकळं ठेवायचं तर, साधारण ७३ ग्रॅम सोडा आणि १५० ग्रॅम पाणी लागतं. तुमच्या काट्यावर ७३ आणि ९० मधला फरक कळणारच नाही, आणि ९० ग्रॅम गेला तर तो साबण अंगाला लावण्याजोगा राहणार नाही. १ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. तेलही त्यावरच तोला, मापाने घेऊ नका. लिटरभर खोबरेल किलोभर भरत नाही.

पातेलं स्टीलचंच. सोडा कालवायला जाड प्लॅस्टिकचा जग घ्या, बुडाला त्रिकोणात ५ आकडा असलेला. काच नको. पाणी ऐंशी अंशांच्या वर तापतं, काच तडकू शकते. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. हे काम अंगणात करा, लेकीला घरात ठेवा. रबरी हातमोजे आणि डोळे सगळीकडून झाकणारा चष्मा, यात काटकसर नको. थेंब उडालाच तर व्हिनेगर शोधत बसू नका, लगेच वाहत्या पाण्याखाली धरा.

रवी वापरू नका. सोड्याने लाकडाची कुसळं सुटतात. सिलिकॉनचा उलथना चालेल, पण तेल आणि सोड्याचं पाणी हाताने एकत्र घोटायला वेळ लागतो. ब्लेंडर असला तर मिश्रण काही मिनिटांत पातळ कस्टर्डसारखं होतं. दांडा स्टीलचा आहे ना, ते बघून घ्या. साच्याला दुधाचा रिकामा खोका उत्तम, फक्त आतून चंदेरी अस्तर नको. तेही अ‍ॅल्युमिनियमच असतं.

नुसत्या खोबरेलाचा साबण लवकर दगडासारखा होतो. ओतल्यावर चार-पाच तासांनी बोटाने दाबून पाहा. घट्ट लागला, की हातमोजे घालूनच वड्या पाडा. रात्रभर ठेवलात तर सुरीखाली तुकडे उडतील. मग महिनाभर हवेशीर जागी सुकू द्या.

धागाकर्ती:

मनापासून आभार. काटा, मोजे आणि चष्मा आज मागवते. ब्लेंडर शेजारच्या काकू देतायत, पण तो परत स्वयंपाकाला वापरता येईल का? नसेल तर मागणार नाही.

प्रतिसाद:

नका मागू. साबणाची भांडी वेगळीच ठेवायची, त्यावर रंगाने खूण करून.