इंग्रजी वाक्यात 'ओन्ली' नेमका कुठे ठेवावा? (मदत हवी आहे)

आमच्या सोसायटीत काही अमराठी कुटुंबे असल्यामुळे सूचना दोन्ही भाषांत लावतात आणि इंग्रजी मसुदा माझ्याकडे असतो. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर 'रहिवाशांनी गच्चीवर वाळवण रविवारीच घालावे' अशी सूचना निघाली, तिचे इंग्रजी मी 'रेसिडेंट्स मे ओन्ली ड्राय पापड्स ऑन द टेरेस ऑन संडेज' असे केले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फलकासमोर थांबून अगदी गंभीरपणे विचारले, "म्हणजे कुरडया चालणार नाहीत का?" (वाळवणाचे नुसते पापड केले, ही माझी चूक वेगळीच.) पण त्यांनी लावलेला अर्थ चुकीचा आहे, असे मला म्हणता येईना.

मराठीत हा घोळ होत नाही, कारण 'रहिवाशांनीच', 'गच्चीवरच', 'रविवारीच' यांत 'च' ज्या शब्दाला चिकटतो, रोख त्याच्यावरच राहतो. इंग्रजीत मात्र 'ओन्ली' क्रियापदाआधी बसला की त्याचा रोख पापडांवर, गच्चीवर किंवा रविवारवर, कशावरही जाऊ शकतो; बोलताना 'संडेज'वर जोर दिला की भागते, कागदावर तो जोर दिसत नाही. 'ओन्ली रेसिडेंट्स' अशी सुरुवात केली, तर पाहुण्यांनाच मज्जाव होतो.

आमच्याकडील एका निवृत्त शिक्षकांच्या मते 'ओन्ली' संबंधित शब्दालगतच हवा. हा आग्रह जुना आहे. अठराव्या शतकात इंग्रजी व्याकरणकार रॉबर्ट लौथ यांनी 'आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स' ('स्पेक' हे 'स्पोक'चे जुने रूप) या रचनेला हरकत घेऊन 'आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स' सुचवले होते. उलट 1926 मध्ये इंग्रजी भाषावापराचे कोशकार फाउलर यांनी, अर्थाचा गोंधळ होत नसेल तर क्रियापदाआधीचा 'ओन्ली' हलवण्याचा अट्टहास नको, असे म्हटले. माझ्या सूचनेत गोंधळ झाला, हे तर उघडच आहे.

आता मी शेवट 'ऑन संडेज ओन्ली' असा केला आहे. पाट्यांवर 'मेंबर्स ओन्ली' सर्रास दिसते, म्हणून हे शुद्ध असावे. पण 'ही केम यस्टरडे ओन्ली' हे आपल्या 'कालच'चे शब्दशः रूप मानले जाते आणि तिथे 'ओन्ली यस्टरडे' हवे असते. मग शेवटी येणारा 'ओन्ली' कुठे चालतो आणि कुठे खटकतो, हे कसे ओळखावे? आणि औपचारिक सूचनेत 'ओन्ली ऑन संडेज' अधिक योग्य ठरेल का?