‘रेट्रो ३५० घ्या, सगळ्यात सेफ’: हा सल्ला देणं थांबवा

घोडबंदरकर:
ठाण्याच्या एका ग्रुपवर काल सल्ला फिरत होता: ‘पंधरा-वीस वर्षं फक्त कार चालवलीत? डोळे झाकून रेट्रो ३५० घ्या. वेग बेताचा, वजन भक्कम, गाडी रस्ता सोडत नाही.’ (रेट्रो ३५० म्हणजे जुन्या धाटणीची ३५० सीसीची बाईक.) वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. ऐंशीच्या वेगात ते जाणवतसुद्धा नाही. जाणवतं ते माजिवड्याला, ओल्या पेव्हर ब्लॉकवर पाय टेकताना. बऱ्याच वर्षांनी बाईकवर बसणारा पडतो तो चालण्याच्या वेगात. यू-टर्नला हँडल पूर्ण वळलेलं असतं आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला जातो. गाडी आत कलते आणि एकदा कलली की एका पायावर सावरत नाही. इतक्या कमी वेगात एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मदतीला येत नाही.

त्या वेगात पुढच्या ब्रेकवरून बोटं काढा. क्लच अर्ध्यावर, मागचा ब्रेक हलका दाबलेला, रेस स्थिर आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. मोकळ्या जागेत इंग्रजी आठचा आकडा दोन्ही बाजूंनी जमेपर्यंत घोडबंदर रोडवर यायचंच नाही. ज्यांचा हात उजव्या गिअरच्या जुन्या बुलेटवर बसलाय त्यांनी तर मुळीच नाही. ऐनवेळी डावा पाय ब्रेक शोधतो आणि तिथे आता गिअर आहे.

सीवूड्सवाला:
असहमत. वजन धरून बसलात, इंजिनाचं काय? क्लासिकचा २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याची ताकद, ४००० आरपीएमलाच (इंजिनाच्या कमी फेऱ्यांना) मिळतो. क्लच सोडताना थोडं चुकलं तरी गाडी लगेच बंद पडत नाही. नवशिक्या हाताला हेच हवं. त्याऐवजी ट्रायम्फची ४० पीएस पॉवरची स्पीड ४०० देणार का? आणि वजनच खुपत असेल तर रॉयल एनफिल्डचीच हंटर ३५० १८१ किलोची आहे, तीही रेट्रोच.
फक्त तारांच्या चाकाची घेऊ नका. ट्यूब असते.

किसननगर:
आला पुन्हा अलॉयचा, म्हणजे बिनतारांच्या ओतीव चाकांचा प्रचार! गायमुखच्या खड्ड्यात अलॉयला चीर गेली की चाक बदलणं हाच सुरक्षित उपाय. तारांचं चाक वाकलं तर कारागीर तारा ताणून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून देतो. महिन्यातून एकदा प्रत्येक तारेला पान्याने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर ढिली.

सीवूड्सवाला:
दादा, आउट काढणारा कारागीर रात्री अकराला शिळफाट्यावर मिळतो का? ट्यूबमध्ये खिळा गेला की हवा झटक्यात जाऊ शकते. मागचं चाक असेल तर शेपूट हलल्यासारखी गाडी डोलते. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुतेक वेळा भोक धरून राहतो, हवा हळू जाते, चाक न काढता पट्टी ठोकून घरी जाता येतं.

वाशी सेक्टर १७:
चाक काढण्याचा खरा त्रास तर पंक्चर काढून झाल्यावर सुरू होतो. चाक बाहेर असताना कुणी मागचा ब्रेक दाबला की ब्रेकचे पॅड जवळ येतात, मग चाकाची डिस्क त्यांच्या आत बसत नाही. एबीएस सेन्सरची वायर चिमटते. चेन ताणायच्या अॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या नसतील तर चाक तिरकं बसतं. दुकान सोडण्यापूर्वी खुणा स्वतः बघा आणि ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा.

किसननगर:
म्हणजे कारागिराचा हलगर्जीपणा, चाकाचा दोष नाही! आणि ट्यूबलेस तारांचं चाकही असतं, रॉयल एनफिल्डच्याच हिमालयन ४५० ला कंपनीच देते. अभ्यास करून बोला.

सीवूड्सवाला:
आवाज चढवू नका. विषय ३५० चा आहे. त्यातही क्लासिकला काही रंगांत अलॉय-ट्यूबलेस मिळतं. शोरूममध्ये तेवढं विचारायला काय जातं?

किसननगर:
रात्रीच्या एकट्या प्रवासाला ट्यूबलेस बरं, एवढं मान्य. त्यापुढे एक इंच नाही.

घोडबंदरकर:
चाकांवरून हातघाईवर आलात आणि मूळ मुद्दा राहिला. टॉर्कचं म्हणणं पटलं, वजनाचं नाही. नवशिक्याला स्पीड ४०० द्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरच्या गोट्या (वरची नक्षी) शाबूत दिसल्या तरी असं रबर कडक झालेलं असतं, पहिल्या पावसात घसरतं. नव्या ३५० ला किक नाही आणि बॅटरी पार उतरली तर इंधनपंपही चालत नाही, त्यामुळे धक्का मारूनही उपयोग नाही. गाडी फक्त रविवारी निघणार असेल तर चार्जर घ्या.

आणि आधी लायसन्स काढून तारीख बघा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, चाळिशीपुढे डॉक्टरचा तपासणी दाखला (फॉर्म १ए) वेगळा. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका, विम्याचा क्लेम अडकतो.

सीवूड्सवाला:
लायसन्सचं बरोबर आहे. वजनाचं अजूनही पटलेलं नाही.