लेकराला बोलतं करायला पुस्तक कशाला?

गोदाकाठ, परभणी
मी स्पीच थेरपिस्ट आहे. परवा एका आजोबांनी तोंडावरच विचारलं, "लेकरू बोलंना अन् तुम्ही पुस्तक कामून दाखवायलात?" प्रश्न रास्त आहे, म्हणून इथं मांडते. नातू चार वर्षांचा, दोन शब्दांच्या पुढे जात नाही. मी पुस्तक वाचून दाखवत नाही. चित्रावर बोट ठेवून "माकड कुठं चाललं?" विचारते आणि मनात पाचपर्यंत मोजते. तो म्हणतो, "वर." मी म्हणते, "हो, माकड झाडावर चाललं." पुढच्या पानांवर कुत्रा आला, गाय आली, वासरू आलं. आला-आली-आलं एरवी एका बैठकीत इतक्यांदा कानावर पडत नाही. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी आईवडिलांना असंच विचारत वाचायला शिकवलं. महिन्याभरात मुलं बोलण्यात पुढे गेली.

सेलूची आई
त्या अभ्यासातली मुलं बोलण्यात मागे नव्हती, हेही सांगा. माझ्या मुलाला आधीच्या थेरपीत पुस्तकच होतं. तो "गाय यायलीय" म्हणाला की "येत आहे म्हण". तिसऱ्या आठवड्यात पुस्तक दिसलं की ओठ आवळून बसायचा. स्वतःहून पहिलं मोठं वाक्य परातीपाशी आलं. भाकरीचं पीठ घेतलं, मुद्दाम पाणी टाकलं नाही, तर म्हणाला, "आई, पाणी टाक ना!" चित्रातल्या पाण्यासाठी तो कधी बोलला नाही.

अंगणवाडीताई, बीड
मी सेलूच्या ताईंच्या बाजूनं. आमच्याकडं आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरं आजीजवळ. पुस्तक दिलं की आजी ते पदरानं पुसते, "मला कुठं वाचता येतंय" म्हणून बाजूला ठेवते. तीच आजी रात्री चिऊ-काऊची गोष्ट सांगताना आवाज बदलते, मधेच थांबते, आणि पुढचा शब्द लेकरू टाकतं.

बालरोगतज्ज्ञ, नांदेड
पुस्तक की परात हे नंतर. आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना सांगा.

गोदाकाठ
ताई, आजी मधेच थांबते, तेच मी करते. तिला नुसत्या चित्रांचं पुस्तक द्या. "यायलीय" सुधारणं चूकच. छापलेलं "येत आहे" मी "यायलीय" असंच म्हणते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट मिळतात. पण एक मुद्दा सोडणार नाही. परातीपाशी "टाक", "दे", "नको" येतं, कारण सगळं समोर असतं. "काल", "मग", "म्हणून" लागतात ते समोर नसलेलं सांगताना. त्याचा सराव गोष्टीत होतो.

सेलूची आई
हे पटलं. शाळेत कोणी मारलं तर तो नुसता हात दाखवतो, पुढं सांगता येत नाही. पण पुस्तक उघडलं की मिटून टाकतो, त्याचं काय करू?

गोदाकाठ
मिटू द्या, ओढाताण नको. परातीचेच चार फोटो काढा: पीठ, पाणी, गोळा, भाकर. त्याचे हात दिसू द्या. वहीत क्रमानं चिकटवा. "आधी काय केलं?" एवढंच विचारा आणि थांबा.