स्टार्टअप डिस्कचं ‘सील’: सीलबंद, मोहोरबंद की मोर्तब?

प्रश्न: नव्या मॅकच्या स्टार्टअप डिस्कवर मराठीत टिपण लिहितोय. ‘साइन्ड सिस्टीम व्हॉल्यूम’ला, म्हणजे डिस्कवर मॅकची स्वतःची सिस्टीम जिथे असते त्या भागाला, ‘सीलबंद खंड’ म्हणावं का?

प्रतिसाद: ‘खंड’ नको. खंड म्हटलं की बांध घालून तोडलेला तुकडा डोळ्यांपुढे येतो. डिस्कच्या जुन्या पार्टिशनला, म्हणजे ठरलेल्या आकाराच्या वाट्याला, तो शोभायचा. २०१७ साली मॅकवर आलेल्या एपीएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतीत एका कंटेनरमधले (व्हॉल्यूम सामावणाऱ्या मोठ्या जागेतले) सगळे व्हॉल्यूम मोकळी जागा सामाईक वापरतात, बांध नसतोच. मी सरळ ‘व्हॉल्यूम’ लिहितो.

‘सीलबंद’ मात्र मला खटकतं. सीलबंद पाकीट फोडल्याशिवाय आतलं दिसत नाही. इथे उलट आहे. मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून सिस्टीमचा व्हॉल्यूम वेगळा आणि फक्त वाचण्यापुरता झाला. आपल्या फायली ‘डेटा’ व्हॉल्यूमवर गेल्या. फायली दाखवणाऱ्या फाइंडरमध्ये दोन्ही मिळून एकच डिस्क दिसते. २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून सिस्टीममधल्या फायलींचे हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेली छोटी खूण), त्या हॅशांचे पुन्हा हॅश, असं करत शेवटी वर एकच हॅश उरतो. तेच सील. खाली एक बाइट बदलला तरी वरचा हॅश जुळत नाही. सिस्टीम व्हॉल्यूमवरचं ‘चेस’ हे ॲप ट्रॅशमध्ये ओढून पाहा, मॅक नकार देतो. वाचायला मात्र आडकाठी नाही.

म्हणून माझं मत ‘मोर्तब’ला. ‘शिक्कामोर्तब’ आपण एका दमात म्हणतो, पण शिवरायांच्या पत्रांत या दोन वेगळ्या मुद्रा आहेत. वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ हा शिक्का आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. पत्र वाचता येतं, पण मोर्तबाखाली घुसडलेली ओळ लगेच उघडी पडते. इतका नेमका शब्द घरात असताना दुसरा कशाला शोधायचा?

प्रश्न: पटलं. पण ‘मोहोरबंद’ही जुनाच शब्द आहे ना?

प्रतिसाद: आहे, ‘मोहोर’ फारसीतून आलेला. पण त्यातही ‘बंद’ आहेच, आणि वाचणाऱ्याला वाटेल की मजकूर लपवलाय. लपवायचं काम फाइलव्हॉल्टचं, म्हणजे मॅकच्या डिस्क-एन्क्रिप्शनचं. त्याला ‘कुलूप’ म्हणा. कुलूप आपल्या फोटो-कागदांना, मोर्तब सिस्टीमला. हा फरक तुमच्या टिपणात कृपया पुसट होऊ देऊ नका.

क्रियापदही जपा. डिस्कची माहिती देणाऱ्या ‘डिस्कयुटिल’ या कमांडच्या यादीत ‘सील्ड’पुढे कधी ‘ब्रोकन’ दिसतं. त्याचं ‘मोर्तब तुटलं’ करू नका. ‘मोर्तब जुळत नाही’ लिहा.