घरात रेंज येईना, बूस्टर घ्यावा का?

माळवद_अंबाजोगाई:
नमस्कार मंडळी. गाव अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या खोलगटात. जुनं घर, दोन हात जाड दगडी भिंती, वर माळवद. माळवदावर चढलं की रेंजच्या दोन दांड्या येतात, माजघरात नो सर्व्हिस. आई एकटी राहती, वय ७२, ओटीपीसाठी दरवेळी जिना चढती, परवा पावसात पायरीवरून घसरली तवापासून मला पुण्यात झोप लागेना गेलीय. लातूरला एक दुकानदार साडेचार हजाराला बूस्टर द्यायलाय, सगळ्या सिमला चालतो म्हणतोय. घेऊ का?

टॉवरवाला_बीड:
दादा, घेऊ नका. टॉवरच्या मेंटेनन्सला सात वर्षं झाली म्हणून सांगतो. बूस्टर म्हणजे रिपीटरच, बाहेरच्या अँटेनानं सिग्नल ओढायचा, वाढवायचा, आतल्या अँटेनातून सोडायचा. पण तो सिग्नलसोबत गोंगाट पण वाढवतो आणि परतीच्या वाटेनं तो गोंगाट टॉवरवर जाऊन पडतो. वरून दोन्ही अँटेना जवळ पडल्या तर माईक भोंग्यासमोर धरल्यावर शिट्टी वाजती तसं होतं. डबा ७० डीबी (डेसिबल, सिग्नल किती पट वाढतो त्याचं माप) वाढवणारा असेल तर दोन अँटेनात त्याहून १५ डीबी तरी जास्त आडोसा पाहिजे, हे गणित दुकानात कोणी सांगत नाही. एकदा अख्ख्या गल्लीचे कॉल तुटायले होते, आम्ही दोन दिवस हिंडलो तवा एका लॉजच्या गच्चीवर असला डबा सापडला. आणि परवान्याचं म्हणाल तर १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बिनपरवाना वायरलेस यंत्र ठेवायला बंदी आहे, मोबाईल रिपीटर फक्त मोबाईल कंपनीच लावू शकती. दुकानात उघड मिळतो म्हणून तो चालतो असं नाही.

केजकर:
सिम कोणतं आहे? बऱ्याच डब्यांवर ९००/१८००/२१०० लिहिलेलं असतं, म्हणजे तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर (मेगाहर्ट्झमधी) चालतो ते. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, तुमचा टॉवर २३०० वर असला तर त्या डब्याचा काही उपयोग नाही, साडेचार हजार पाण्यात.
आमच्या मामाच्या घरी असंच होतं. आम्ही ४जी सिमचा राउटर घेतला, बाहेरची अँटेना लावायची सोय असलेला, तो वरच्या खोलीत ठेवला, अँटेनाचं तोंड टॉवरकडं केलं, तिथून लॅन केबल खाली आणून माजघरात साधा वायफाय राउटर. मग फोनमधी वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल) चालू केलं, कॉल बी येतो, ओटीपी बी येतो. वायफायला घरात परवाना लागत नाही. पण बिनतारी वायफाय रिपीटर घेऊ नका, स्पीड निम्म्यावर येतो, केबलच ओढा. लाईट जाती म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लागंल, त्याच्याशिवाय सगळं व्यर्थ आहे.

माळवद_अंबाजोगाई:
लै उपकार. पण आईकडं बटनाचा फोन हाय.

केजकर:
मग आधी फोन बदला, वायफाय कॉलिंग असलेला, बूस्टरचे पैसे त्यातच घाला. मावशींना हिरवं बटन कुठलं एवढं चार वेळा हातानं दाबून दाखवा, जमतं.

टॉवरवाला_बीड:
राउटर घ्यायच्या आधी तरंग संचार या सरकारी पोर्टलवर गावाजवळचे टॉवर बघा, मग फोनच्या सेटिंगमधी सिग्नल डीबीएममधी दिसतो तो माळवदाच्या चारी कोपऱ्यात मोजा. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला; उणे ९५ च्या आसपास आला तर काम होतंय, उणे ११५ असंल तर अँटेना पाईपवर उंच घ्यावी लागंल.

माळवद_अंबाजोगाई:
शनिवारी गावाकडं चाललोय. चारी कोपऱ्याचे आकडे इथंच टाकतो.